अरे-तुरे

आबा, म्हणजे माझे वडील, गेल्या मे महिन्यात दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. इथे बकिंगहॅमशायरमध्ये मेच्या अखेरीस रात्री नऊलाही बाहेर उजेड असतो. उजेडी झोप येत नाही म्हणून आबा जेवणं झाली की टेबलावर पत्ते पसरायचे. माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला त्यांनी पहिल्याच आठवड्यात झब्बू शिकवला. त्या संध्याकाळी मी सिंकपाशी भांडी विसळत होते. पाठीमागे पत्ते आपटल्याचे आवाज, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आणि एकदम लेक ओरडला, "आबा, तू चीटिंग करतोयस!" वळून पाहिलं तर खरंच एक पान आबांच्या मांडीखाली होतं आणि ते गालातल्या गालात हसत होते. त्या पानाबद्दल मी काही बोलले नाही. ओल्या हातांनीच पुढे झाले आणि म्हणाले, "आबांना अरे-तुरे करतात का? आधी सॉरी म्हण." तो सॉरी म्हणाला. आबांनी मांडीखालचं पान काढून ढिगात टाकलं, पत्ते गोळा केले, त्यांना रबर लावलं आणि कपाटात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक त्यांच्या खोलीच्या दारात उभा होता. "आबा, डू यू वॉन्ट टी?"

त्या दिवसापासून तो त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. कारण कळायला मला चार दिवस लागले. मराठीत बोललं की कुठे 'तू' आणि कुठे 'तुम्ही' याचा नेम नाही, चुकलं की आई ओरडते. इंग्रजीत एकच 'यू', तिथे चुकायला जागाच नाही. पोराने आपल्यापुरता सोपा रस्ता काढला होता. आबांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, ऑफिसपुरतं इंग्रजी त्यांना येतं. ते "येस, येस, हाफ कप" म्हणायला लागले. पण दोघांचं बोलणं चहा, टीव्ही आणि पाऊस इतक्यावर येऊन थांबलं. पाटकऱ्यांच्या गोष्टी, रात्रपाळीचं पाणी, कंदील घेऊन दारं धरायला गेलेली माणसं, चारीच्या कडेला वेटोळं घालून बसलेला साप, हे सगळं 'येस येस'मध्ये कसं बसायचं? एका शब्दावरून मी माझ्या मुलाची आणि बापाची बोली तोडली, हे मला रात्री पडल्या पडल्या टोचत राहायचं. तरी सकाळी उठल्यावर वाटायचं, आबांना तू कसं म्हणू द्यायचं?

आमच्या घरात 'अगं आई, तू' आणि 'अहो आबा, तुम्ही' हे कुणी शिकवलं नाही. ते आम्ही दुधाबरोबर प्यायलो. पुण्यात भावाची मुलगी बापाला सरळ "ए बाबा, तू येतोस का" म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीच मुलगी आबांसमोर आली की तिचा 'तुम्ही' होतो. आई तर आबांना आयुष्यभर 'अहो' एवढंच म्हणाली.

घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर जॉर्डन्स नावाचं खेडं आहे. तिथे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचं १६८८ साली बांधलेलं मीटिंग हाऊस, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, लाल विटांचं, एखाद्या खातेपिते शेतकऱ्याच्या घरासारखं. मनोरा नाही, घंटा नाही, क्रूस नाही. पलीकडे बीचची झाडी आहे म्हणून मी तिकडे फिरायला जाते. समोरच्या गवतात बुटके दगड आहेत, त्यांवर नाव आणि साल, बाकी काही नाही. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन इथे पुरलेला आहे. मी मात्र बऱ्याचदा थॉमस एलवुड या सतराव्या शतकातल्या क्वेकराच्या दगडापाशी थांबते. त्याने लिहून ठेवलेलं आत्मचरित्र मी काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. पत्त्यांचा तो प्रकार झाल्यावर ते पुन्हा काढलं, कारण त्यातलं एक पान मला धड विसरताही येत नव्हतं आणि धड आठवतही नव्हतं.

त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखीच दोन सर्वनामं होती. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. नोकराला दाऊ, पोराला दाऊ, लाडात बायकोला दाऊ आणि देवालाही दाऊ. मालकाला, न्यायाधीशाला, पाद्र्याला आणि बापाला यू. त्यात क्वेकर पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स उभा राहिला, विणकराचा मुलगा, चांभाराच्या हाताखाली काम शिकलेला. त्याने सांगितलं की ईश्वराने मला जगात पाठवलं तेव्हा लहानमोठ्या कुणापुढेही हॅट काढायला मनाई केली, आणि गरीब-श्रीमंत न पाहता सगळ्या बायापुरुषांना 'दाऊ' म्हणायची आज्ञा केली. क्वेकरांचं म्हणणं होतं, माणूस एक असेल तर त्याला अनेकवचन लावणं हे खोटं आहे. मोठेपणाच्या हव्यासापायी सम्राटांनी आणि पोपांनी ती सवय लावून घेतली. आणि ज्याला खरं बोलायचं आहे त्याने एका शब्दाचंही खोटं बोलू नये. बाकीचे ख्रिस्ती चिडले. हा धर्म नव्हे, उर्मटपणा आहे, असं त्यांचं मत होतं. आईबापांचा मान राख, ही दहा आज्ञांतलीच एक आज्ञा, मग बापाला अरे-तुरे करणारा कसला ख्रिस्ती?

एलवुड १६५९ साली विशीत होता. बाप वॉल्टर एलवुड गावचा प्रतिष्ठित माणूस, जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश. मुलगा शेजारच्या परगण्यात पेनिंग्टन नावाच्या ओळखीच्या कुटुंबाकडे गेला. ते लोक नुकतेच क्वेकर झाले होते आणि हाही तिथून क्वेकर होऊन आला. बापासमोर हॅट घालूनच उभा राहिला. बापाने दोन्ही मुठींनी बदडलं आणि हॅट ओढून फेकून दिली. पोराने दुसरी घातली, तीही गेली. एकेक करत घरातल्या त्याच्या सगळ्या हॅट बापाने काढून घेतल्या. इंग्लंडच्या हिवाळ्यात उघड्या डोक्याने बाहेर पडून त्याला इतकी सर्दी झाली की तोंड सुजलं, हिरड्यांना फोड आले, घास चावता येईना. बहिणीने त्याची शुश्रूषा केली. तो सगळा हिवाळा तो घरातच कैद्यासारखा राहिला.

आणि मग ते पान. बोलता बोलता मुलाच्या तोंडून 'दाऊ' गेलं. बाप म्हणाला, पुन्हा मला तू म्हणालास तर दात घशात घालीन. मुलगा निघाला होता, तो परत वळला. शांतपणे म्हणाला, तू देवाला 'तू' म्हणतोस तेव्हा देवाने तुझे दात असेच घशात घातले तर ते न्यायाचंच होईल ना? बापाचा हात मारायला वर गेलेला होता. मुलगा लिहितो की तो हात खाली आलेला मी पाहिला, त्याचा चेहरा उतरलेला पाहिला, आणि तो पाठ फिरवून निघून गेला. मुलगा वर आपल्या खोलीत गेला आणि बापाचे डोळे उघडावेत म्हणून रडत देवाची करुणा भाकत राहिला.

वॉल्टर एलवुडने खाली आणलेला तो हात मला पुस्तक मिटल्यावरही दिसत राहिला.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वारीच्या वाटेवर कुठेही मिळेल. विठ्ठल तू, आई तू. जनाबाईने तर विठोबाला शिव्याही घातल्या. जो सगळ्यांत जवळचा त्याला तू, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच 'तू'ची दुसरी बाजूही मला पाठ आहे आणि ती आठवायला आवडत नाही. आमच्या गावच्या घरी एक गडी होता. डोक्याला मुंडासं, पायाला भेगा, वय साठीच्या पुढचं. मी सहा वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ओट्यावरून ओरडायची, "ए, मला झोका बांधून दे." तो काम टाकून यायचा आणि म्हणायचा, "व्हय ताईसाहेब, तुम्ही जरा मागं सरा." साठ वर्षांचा माणूस सहा वर्षांच्या पोरीला तुम्ही म्हणत होता आणि मी त्याला तू. घरात कुणीही मला थांबवलं नाही. आबांनीही नाही. त्यांना तू म्हटलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता, आणि तेच त्या माणसाला म्हटलेलं कुणाच्या कानालाही लागत नव्हतं. क्वेकरांचं भांडण याच जागेवर होतं. एकच शब्द वरून खाली येताना हक्काचा आणि खालून वर जाताना गुन्हा कसा होतो, हे त्यांनी भर कोर्टात, चर्चमध्ये, बाजारात विचारलं आणि त्यासाठी तुरुंगात गेले.

१६५६ साली कॉर्नवॉलमध्ये लॉन्सेस्टनच्या कोर्टात फॉक्स हॅट घालून उभा राहिला. ग्लिन नावाचा न्यायाधीश संतापला. बायबलात मोशेपासून दानिएलापर्यंत कुणाच्या डोक्यावर हॅट होती ते दाखव, आता बरा सापडलास, म्हणाला. फॉक्स म्हणाला, दानिएलाचा तिसरा अध्याय वाच, नबुखद्नेस्सराने तीन तरुणांना भट्टीत टाकलं तेव्हा त्यांच्या अंगावर कोट, विजारी आणि हॅट होत्या. न्यायाधीशाने जेलरला सांगितलं, घेऊन जा यांना. हाच फॉक्स १६४९ मध्ये नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये भर प्रवचनात उठला होता. सगळ्या मतांची कसोटी शास्त्र, असं पाद्री सांगत होता. फॉक्स ओरडला की शास्त्र नव्हे, ज्या आत्म्याने ते शास्त्र दिलं तो कसोटी. तेव्हाही तो तुरुंगातच गेला. वाद घालायची त्यांची ती रीत माझ्या पचनी पडत नाही. दुसरा बोलत असताना उठून ओरडणं मला आवडलेलं नाही, कुठल्याही शतकात.

पण त्याच फॉक्सचं एक वाक्य मला हलवून गेलं, आणि ते कळायला मराठी येत असल्याचा उपयोग झाला. १६५२ साली लँकशरमध्ये अल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये त्याने बोलण्याची परवानगी मागितली. समोर मार्गारेट फेल बसली होती, तिथल्या एका न्यायाधीशाची बायको. तिने पुढे ते शब्द लिहून ठेवले. ख्रिस्त असं म्हणतो आणि प्रेषित असं म्हणतात, हे तुम्ही सांगाल, पण तू काय सांगू शकतोस? वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात 'यू' आहे, दुसऱ्या अर्ध्यात 'दाऊ'. तुम्हीमध्ये अख्खी सभा लपून बसू शकते. तू म्हटलं की प्रत्येकाला एकेकटं उठून उभं राहावं लागतं. मार्गारेट बाकावर बसली आणि ढसाढसा रडली. आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द उचलले आणि आत काहीच जाणलं नाही, असं तिच्या मनात आलं. आजच्या इंग्रजी वाचकाला ती उडी डोळ्यांनी दिसते, कानाला बोचत नाही. मला ती बोचली.

हा वाद त्यांनी पुस्तकांतूनही चालवला. १६६० साली फॉक्सने जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली या दोघांबरोबर एक पुस्तक काढलं, शिक्षकांना आणि पंडितांना एकवचन-अनेकवचन शिकवणारी अंकलिपी. पानांवर मुलांच्या अक्षरपाटीचा, मुठीसकटचा आकार छापलेला, आणि लॅटिन, ग्रीक, हिब्रू, इटालियन अशा अनेक भाषांतून दाखवलेलं की एकाला एकवचनच लागतं. त्यांना मराठी ठाऊक असती तर काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात येतो. अगदी अशक्य नव्हतं ते. इंग्लंडच्याच विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स गोव्यात राहून १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत छापून मोकळा झाला होता. पण मराठीत तू, तुम्ही आणि वर आपण. तिथे त्यांची अंकलिपी अडखळली असती.

कारण फॉक्सशी माझं पूर्ण जुळत नाही. तो समोर असता तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, आमचं 'तुम्ही' म्हणजे दर वेळी खुशामत नसते. इतक्या लांबून मला आबांच्या रोज पाया पडता येत नाही. 'अहो' म्हणता येतं. त्या शब्दात माझं लहानपण आहे, सायकलच्या दांडीवर बसून कालव्यावर गेलेल्या सकाळी आहेत. तो शब्द खोटा आहे असं मला कुणी सांगितलं तर ऐकणार नाही. आणि तरीही तो गडी मला ताईसाहेब म्हणायचा ते आठवलं की माझं हे बोलणं अर्ध्यावर येऊन अडतं.

सगळ्यांत जास्त विचार मी रॉजर विल्यम्सचा केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने या पाद्र्याला मतांपायी हाकलून दिलं, तेव्हा त्याने १६३६ साली प्रॉव्हिडन्स वसवलं. धर्मावरून कुणाला छळायचं नाही, हा तिथला कायदा. बोस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिलं, त्यांत मेरी डायर ही बाई होती. पण प्रॉव्हिडन्स ज्यात येतं त्या ऱ्होड आयलंडने क्वेकरांना राहू दिलं. विल्यम्सला मात्र त्यांची मतं सहन होत नव्हती. १६७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने चौदा मुद्दे काढून त्यांना जाहीर वादाचं आव्हान दिलं. वय सत्तरीला आलेलं, वादाची जागा न्यूपोर्ट तीस मैलांवर, हा एकटा दिवसभर होडी वल्हवत मध्यरात्रीच्या सुमारास तिथे पोचला. देवाने माझ्या म्हाताऱ्या हाडांना साथ दिली, असं तो लिहितो. फॉक्स तोवर निघून गेला होता. वादाला उभे राहिले तिघे, आणि त्यांतला एक त्या अंकलिपीवाला जॉन स्टब्ज. तीन दिवस न्यूपोर्टला आणि एक दिवस प्रॉव्हिडन्सला वाद झाला. मग विल्यम्सने त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, फॉक्सच्या बाजूने त्याला तेवढंच जाडजूड उत्तर आलं. कुणीही कुणाचं मत बदललं नाही.

त्या विल्यम्सच्या पुस्तकात एक वाक्य आहे. असल्या असभ्य वागण्याला माफक आवर घालणं आणि शिक्षा करणं म्हणजे छळ नव्हे, उलट ते कर्तव्यच आहे, मग समोरचा सदसद्विवेकाचं नाव का घेईना. जगभर धर्मस्वातंत्र्यासाठी ज्याचं नाव घेतात त्या माणसाचीही सहनशक्ती इथे, बोलण्याच्या रीतीपाशी संपली. ते वाचलं आणि मला ओल्या हातांची मी आठवले. मीही माफकच आवर घातला होता. "आधी सॉरी म्हण." चार शब्दसुद्धा नाहीत.

बोलणं 'दाऊ'वर आणणाऱ्या क्वेकरांना इंग्रजीने पुढे वेगळंच उत्तर दिलं. लोकांनी हळूहळू 'दाऊ' टाकूनच दिलं आणि नोकरापासून राजापर्यंत सगळ्यांना 'यू' केलं. सगळे समान झाले, पण तुम्हीवर येऊन. क्वेकरांच्या घरात मात्र जुना शब्द राहिला, अमेरिकेत तर अगदी विसाव्या शतकापर्यंत. तोही मोडून. 'दाऊ'चं 'दी' झालं आणि क्रियापद भलतंच लागायला लागलं, व्याकरणात न बसणारं. न्यायाधीशाच्या तोंडावर फेकलेला तो शब्द शेवटी नवरा-बायको आणि मुलं एवढ्यांपुरता, चुलीपाशी उरला.

जूनच्या एका रविवारी मी दोघांना घेऊन जॉर्डन्सला गेले. दारात आबांनी सवयीने चपला काढल्या, मग कुणीच काढल्या नाहीत हे पाहून परत घातल्या. हात टोपीकडे गेला. "ही काढायची असते ना यांच्यात?" मी म्हटलं, इथे राहू दे तशीच. हे लोक देवाची प्रार्थना करतानाच टोपी काढायचे, माणसापुढे नाही. आबांनी टोपी नीट बसवली. आपल्याकडे देवापुढेही डोकं झाकलेलंच असतं. आत जुन्या लाकडाचा आणि मेणाचा वास. बाकांवर पंधरा-वीस माणसं, प्रवचन नाही, गाणं नाही. आपापलं गप्प बसायचं. आबा माझ्या उजवीकडे, मध्ये लेक. सुरुवातीला तो पाय हलवत होता, मग थांबला. खिडकीच्या बारीक काचांतून ऊन जमिनीवर पडलं होतं, ते हळूहळू आबांच्या चपलेवर आलं. कुणीतरी खोकलं. एक म्हातारी उठली, पावसाबद्दल आणि तिच्या बहिणीबद्दल दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. त्या शांततेत दोघांपैकी कुणालाही कुणाला काय म्हणायचं याची पंचाईत नव्हती. कितीतरी दिवसांनी ते इतके जवळ बसले होते.

परत येताना गाडीत मी एलवुडची गोष्ट सांगितली, मराठीत. लेकाला हॅटचं नवल वाटलं. "सगळ्याच्या सगळ्या घेतल्या?" असं त्याने दोनदा विचारलं. दात घशात घालायची गोष्ट आली तेव्हा आबा खिडकीबाहेर बघत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बापाला त्या रात्री झोप लागली नसणार." मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. मला आमच्या गड्याबद्दल विचारायचं होतं, तुम्हाला आठवतो का म्हणून. विचारलं नाही.

आबा जुलैच्या अखेरीस परत गेले. रविवारी त्यांच्या रात्री आम्ही व्हिडिओ कॉल करतो. परवा फोन लागला तेव्हा पडद्यावर आधी त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसलं. मी बोलायच्या आत लेकाने फोन ओढून घेतला. जरा थांबला. त्याच्या ओठांची जुळवाजुळव मला दिसत होती.

"आबा, तुम्ही जेवलास का?"

माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती. पलीकडे आबांनी फोन सरळ धरला, त्यांचा पूर्ण चेहरा आला. "जेवलो रे," ते म्हणाले. "तू?" लेक म्हणाला, "मी पण." मग आबांनी त्याला कालपासून चारीला पाणी सुटलं आहे आणि रात्री दोनला आपली पाळी आहे, ते सांगायला घेतलं.